डब्याचा रंग कोणता?

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. कल्याणहून धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, रविवारी ये आणि भाच्याला दोन शब्द सांग. दहावीचं वर्ष आणि हा दिवसभर पुठ्ठे कापत बसतो." आम्ही सामाजिक कामातली माणसे. लोकांच्या मुलांना उपदेश करण्याची जीभेला सवयच जडलेली असते. तेव्हा मी रविवारी मोठ्या तयारीने गेलो.

दहा बाय बाराची खोली. पलंगावर चार फुटांची फळी, फळीवर छोटे रूळ आणि रुळावर बुटाच्या खोक्यापासून केलेला रेल्वेचा डबा. खिडक्यांना गज होते, दाराला पायऱ्या होत्या. मी डबा उचलून पाहिला आणि सहज विचारले, "पट्टी लावून केलास की अंदाजानं?" झाले! पोरगा बोलायला लागला आणि माझा उपदेश राहिला बाजूला.

"मामा, खरा डबा 21.3 मीटर लांब असतो. त्याला 87 ने भाग. साडेचोवीस सेंटिमीटर येतात. हा तेवढाच आहे."

वाचकहो, ही नुसती खेळणी नव्हेत. जगभर लाखो माणसे हा छंद करतात, आणि त्यात शाळकरी पोरांपेक्षा पिकल्या केसांचेच अधिक. खऱ्या गाडीची प्रत्येक वस्तू एकाच मापाने लहान करायची, हा त्यातला नियम. सर्वांत जास्त चालणारे माप एकास 87 चे. त्याला 'एचओ' म्हणतात. जर्मनीतील मार्कलिन कंपनीने 1891 साली लाइपझिगच्या जत्रेत चावीची गाडी मांडली. तिचे रूळ पुढे विकत घेऊन वाढवता येत होते. इंग्लंडात फ्रँक हॉर्नबी यांची गाडी 1920 साली बाजारात आली. आपल्याकडे पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी छोट्या रेल्वेचे संग्रहालय उभारले, ते 1 एप्रिल 1998 पासून लोकांना पाहायला मिळते. भाच्याला किडा चावला तो तिथेच, शाळेच्या सहलीत.

मी कॉमर्सवाला. आकडे दिसले की पेन बाहेर निघते. भाच्याने माझ्यापुढे जे कोडे टाकले, त्यावर या छंदातली मंडळी तासन् तास भांडतात म्हणे. आपला ब्रॉडगेज रूळ 1676 मिलिमीटर रुंद. त्याला 87 ने भागले की सव्वाएकोणीस मिलिमीटर येतात. पण बाजारात मिळणारा एचओचा रूळ असतो साडेसोळाचा, कारण तो युरोप-अमेरिकेच्या 1435 मिलिमीटरच्या रुळावरून बेतलेला. म्हणजे भारतीय गाडी करायला गेलात की डबा बरोबर आणि रूळ पावणेतीन मिलिमीटरने अरुंद. धडधाकट माणसाला लहान मुलाच्या चपला घातल्यासारखे दिसते. कोणी म्हणतो चालवून घ्या, कोणी हाताने रुंद रूळ घालतो, कोणी म्हणतो डबाच लहान करा. मी तिथल्या तिथे भागाकार केला. 1676 भागिले साडेसोळा, म्हणजे जवळपास 102. मग पुन्हा बाजारातले दुसरे काहीच त्याला जुळणार नाही. गंमत अशी की इंग्रजांचेही हेच रडगाणे आहे. त्यांची इंजिने अंगाने लहान. सुरुवातीच्या काळात त्यात मोटर मावेना, म्हणून त्यांनी इंजिन एकास 76 केले आणि रूळ तोच साडेसोळाचा ठेवला. साहेबाचीही चप्पल लहानच!

भाच्याला करायचा होता कसारा घाट. का, तर आमचे आजोबा त्या बाजूला गँगमन होते. या घाटाचा चढ 37 ला 1. म्हणजे 37 फूट पुढे जावे तेव्हा गाडी एक फूट वर चढते. इगतपुरीकडे जाणाऱ्या गाडीला कसाऱ्याला मागून जादा इंजिने लावतात ती त्यासाठी. आता फळीवर एका रुळावरून दुसरा रूळ न्यायचा तर खालची गाडी जाण्यापुरती आठ सेंटिमीटर उंची हवी. आठ गुणिले 37, म्हणजे 296 सेंटिमीटर, जवळजवळ तीन मीटर चढ. बहिणीच्या खोलीची लांब भिंत 366 सेंटिमीटर. त्यात कपाट, बेसिन आणि मिसाळणीचे फडताळ! सतरा डब्यांची पुरी गाडी करायची म्हटली तर ती एकटीच सव्वाचार मीटर होईल. बंगलेवाल्या हौशी माणसालाही जागा पुरत नाही, म्हणून सगळेच चार-पाच डब्यांवर भागवतात, हे ऐकून मला उगीचच बरे वाटले. भाच्याने तोड काढली होती. चार-चार फुटांच्या दोन फळ्या बिजागरीने जोडायच्या, खेळून झाले की मिटून भिंतीला टांगायच्या.

खर्चाचे विचारू नका. परदेशी बनावटीचे एक चांगले इंजिन दहा हजारांच्या पुढेच. नव्या इंजिनात चिप असते, त्यामुळे एकाच रुळावरची दोन इंजिने वेगवेगळी चालवता येतात. जुन्यात तसे नाही. रुळात वीज सोडली की दोन्ही एकदम पळतात. भाच्याकडे जुन्यातलेच एक होते, एका गृहस्थाने बंद पडलेले म्हणून दिलेले. याने ब्रश साफ केले, तेल घातले आणि वर पुठ्ठ्याचे निळे कवच चढवून कल्याण शेडचे 'डब्ल्यूकॅम-3' केले. हे खरे इंजिन 1500 व्होल्ट डीसीवर आणि 25 हजार व्होल्ट एसीवर, दोन्हीवर चालणारे. तेही मला त्यानेच सांगितले. रागवायला आलेला मामा संध्याकाळी फेविकॉल आणायला खाली उतरला. बहीण काय म्हणाली ते इथे लिहीत नाही.

जानेवारीत ठाण्याला एका हॉलमध्ये अशा हौशी मंडळींचा मेळा होता. भाच्याला घेऊन निघालो, सोबत आमचे नाना. नाना म्हणजे माझे चुलते. 1967 साली माटुंग्याच्या रेल्वे कारखान्यात खलाशी म्हणून लागले आणि पुढे पेंट शॉपमध्ये पेंटर झाले. 2005 साली निवृत्त. आता वय ऐंशीचे, पण घरी बसवत नाही.

आत टेबलांवर गाड्या मांडलेल्या. नाना एका टेबलाशी वाकले, तसा तिथला एक कार्यकर्ता लगबगीने आला. "आजोबा, हात लावू नका हं. तिकडे खुर्च्या आहेत, बसा." त्या पोराच्या मनात काही नव्हते. वस्तू नाजूक असतात. तो सगळ्यांनाच सांगत होता, मलाही सांगितले. पण 'हात लावू नका' हे शब्द आमच्या कानाला निराळे लागतात. नाना काही बोलले नाहीत. खुर्चीवर जाऊन बसले. मी मात्र पुढची दहा मिनिटे काहीच नीट पाहिले नाही.

मधल्या टेबलावर वाद रंगला होता. डब्यांच्या रंगसंगतीला ही मंडळी 'लिव्हरी' म्हणतात, आणि लिव्हरीवरून त्यांच्यात जेवढे वाद होतात तेवढे आमच्या मंडळाच्या हिशेबावरूनही होत नाहीत. एकाने 1980 च्या सुमाराचे मेलगाडीचे लाल डबे केले होते. दुसरा म्हणे हा रंग फार गडद, माझ्याजवळ त्या काळचा फोटो आहे, त्यात विटेसारखा दिसतो. तिसरा म्हणे फोटोचा रंग उडतो, त्याच्यावर काय विसंबायचे. चौथ्याने आणखी एक मुद्दा काढला. लहान वस्तूवर तोच रंग जास्त गडद दिसतो, म्हणून मॉडेलला मुद्दाम थोडा फिका मारावा. हा मुद्दा मला पटला. साडीच्या दुकानात तुकडा पाहून घेतलेला रंग घरी वेगळा निघतो, तशातला हा प्रकार असावा.

नाना खुर्चीवरून उठले. "साहेब, दोन्ही रंग खरे आहेत," ते म्हणाले.

सगळे वळले. भाचा पुढे होऊन म्हणाला, "आजोबा माटुंग्याला पेंटर होते." तो फोटोवाला गृहस्थ दोन पावले सरकला आणि त्याने तो लाल डबा उचलून नानांच्या हातात दिला.

"पीओएच होऊन डबा बाहेर पडला तेव्हाचा हा रंग. असाच गडद, तोंड दिसेल असा चमकायचा. त्याच्या आधी जुना रंग खरवडायचा, लांबी भरायची, पाणी मारून पॉलिशपेपरनं घासायचं, मग प्रायमर, मग हात मारायचे. आठ दिवसांचं काम आठ तासांत मागायचे. मग उन्हाळा खाल्ला की रंगावर पांढरी भुकटी धरते. दोन उन्हाळ्यांनी तो विटेचाच होतो. दीड वर्षानं परत आला की आम्ही पुन्हा गडद करायचो. पण तुम्ही सगळा डबा एकसारखा केलाय, ते चुकलं. खिडकीखाली बघा. माणसं पानं थुंकतात, यार्डात धुणारी बाई तिथंच जोरानं घासते. खिडकीखालचा रंग नेहमी आधी जायचा."

मग ते डबा फिरवून टोकाकडची भिंत पाहू लागले. "इथं काहीच लिहिलं नाही तुम्ही." डब्याच्या त्या भिंतीवर कारखान्याची खूण, पीओएचची तारीख आणि परत यायची तारीख लिहिलेली असते. माटुंग्याची खूण 'एमटीएन'. जुन्या फोटोत ती तारीख वाचता आली की फोटो कोणत्या सुमाराचा ते कळते, हे फोटोवाल्याच्या लगेच लक्षात आले आणि त्याने भिंग काढले. निळा रंग कधी आला, असे कोणीतरी विचारले. नाना म्हणाले, नव्वदीच्या मधल्या वर्षांत. एअरब्रेकचे डबे ओळखू यावेत म्हणून. ज्याला ऐकू गेले नाही तो पुढे आला. अर्धा तास नानांभोवती घोळका होता. हात लावू नका म्हणणारा पोरगाच चहा घेऊन आला.

डेक्कन क्वीन 1 जून 1930 ला सुरू झाली. तिच्या सात-सात डब्यांच्या दोन गाड्या होत्या. एक चंदेरी रंगाची, तिला लाल पट्ट्या. दुसरी गडद निळी, तिला सोनेरी रेघा. खालचा सांगाडा विलायतेहून आला आणि वरचे डबे बांधले माटुंग्याच्या कारखान्याने. हे सगळे नोंदलेले आहे. पण ती सोनेरी रेघ कोणाच्या हाताने ओढली, ते कुठेच लिहिलेले नाही. 1980 चा लाल कसा मारीत, तेही नाना त्या दिवशी बोलले नसते तर त्यांच्याबरोबरच गेले असते. पुढच्या मुलांना लाल आयसीएफ डबा दिसणारही नाही. त्या बनावटीचे डबे तयार करणे 2018 च्या जानेवारीत बंद झाले.

इंग्लंडात पेंडन नावाचे संग्रहालय आहे. रॉय इंग्लंड नावाचा एक ऑस्ट्रेलियन 1925 साली त्या देशात आला. खेड्यातली गवताने शाकारलेली घरे बदलताना त्याला दिसली. ती नाहीशी होण्याआधी त्याने माप घेऊन एकेक घर छोटे करून ठेवायला सुरुवात केली. श्रीमंतांचे वाडे नव्हेत, साध्या माणसांची घरे. रेल्वेबरोबर तो सगळा मुलूख आज तिथे मांडलेला आहे.

घरी आल्यावर नानांनी भाच्याच्या घाटाकडे नीट पाहिले. म्हणाले, "रूळ आहे, बोगदा आहे, गँग कुठाय?" फलाटावर त्याने सूटबूटवाले प्रवासी उभे केले होते. प्रायझर नावाची जर्मन कंपनी अशी जेमतेम दोन सेंटिमीटरची माणसे करते. त्यात रुळावर काम करणारेही असतात, पण ते डोक्यावर टोपी घातलेले गोरे मजूर. आमच्या आजोबांच्या डोक्याला फडके असायचे आणि खांद्यावर पहार.

1938 च्या फेब्रुवारीत मनमाडला जीआयपी रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. आपली माणसे रेल्वेत वर्षानुवर्षे गँगमनच राहतात, पोर्टरची साधी जागाही त्यांना मिळत नाही, हे बाबासाहेबांनी तिथे सांगितले होते. पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरची कामेही करावी लागत आणि घरात यांचा हात चालत नसे. रूळ मात्र यांच्याच हातांनी सरळ राहायचा. भाच्याला हे मी सांगितले. तो काही बोलला नाही. दुसऱ्या रविवारी गेलो तेव्हा तांब्याच्या तारेवर एम-सील चढवून केलेली सहा माणसे घाटात उभी होती. एकाचे फडके जरा मोठे झाले आहे.

बहिणीशी तडजोड झाली. परीक्षा संपेपर्यंत फळ्या भिंतीला मिटलेल्या राहतील, फक्त रविवारी दुपारी दोन तास उघडायच्या. त्या दोन तासांत नाना बोलतात आणि भाचा शंभर पानी वहीत लिहून घेतो. कोणता ब्रश, कोणता पेपर, किती हात, सगळे. फोटोवाले गृहस्थही फोन करतात. सध्या त्यांच्यात नि नानांच्यात छपरावरून जुंपली आहे. ते म्हणतात करडे, नाना म्हणतात चंदेरी. परवा नाना फोन ठेवून मला म्हणाले, "त्यांना सांग, छपरावर मी चढलो होतो."