बदाम, चौकट, इस्पिक, किलवर

एकाच घरातील दोन ज्येष्ठांना एकाच दिवशी मोबाइलवरील ल्यूडो शिकवावा. आठवड्याभराने पाहावे, तर एकाला त्याची गोडी लागलेली असते आणि दुसऱ्याने तो उघडणेही सोडलेले असते. घरातील मंडळी मग निदान करून मोकळी होतात. एकाला म्हणे व्यसन लागले आणि दुसऱ्याला आता काही जमत नाही! ही दोन्ही निदाने बहुधा घाईची असतात. खेळ एक असला तरी त्यातून मिळणारे सुख एकच नसते. ते सुख कोणते, याचा शोध न घेता खेळ लादला वा हिरावून घेतला, तर काळजी घेणाऱ्याचा सद्हेतूही जाचक होतो.

ही गोष्ट नीटपणे मांडली ती एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाने नव्हे, तर खेळ रचणाऱ्या एका संगणकतज्ज्ञाने. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने १९७८ साली, अनेकांना आपापल्या यंत्रासमोर बसून एकत्र खेळता येईल असा खेळ रचण्यास प्रारंभ केला. ‘मड’ हे त्याचे नाव. पुढे त्याची धुरा रिचर्ड बार्टल यांनी वाहिली. त्यात चित्रे नव्हती. पडद्यावर केवळ शब्द उमटत. खेळणारा शब्दांनीच वाट चाले, सापडलेले धन एका दलदलीत नेऊन टाकी आणि त्याबद्दल गुण मिळवी. पुरेसे गुण साठले की त्याला जादूगाराचे पद लाभे. आजच्या झगमगत्या खेळांचा हा पूर्वज आपल्याला रूक्ष वाटेल, परंतु माणसे त्याच्यापायी रात्री जागवीत.

या खेळाच्या पुढील आवृत्तीतील मुरलेल्या मंडळींमध्ये १९८९ च्या अखेरीस एक वाद जुंपला आणि तो सुमारे सहा महिने चालला. खेळणाऱ्याला खेळातून नेमके हवे तरी काय असते? निरनिराळ्या माणसांची उत्तरे निरनिराळी होती आणि प्रत्येक उत्तरात देणाऱ्याची स्वतःची आवड डोकावत होती. बार्टल यांनी त्या वादाचे सार काढले, तेव्हा उत्तरे चार गटांत पडताना दिसली. १९९६ मध्ये त्यांनी त्यावर लिहिलेला निबंध पुढे गाजला. त्याच्या शीर्षकातच पत्त्यांचे चार रंग आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारभर पत्ते कुटलेल्या आपल्या वाचकांना ते निराळे समजावून सांगायला नकोत. मात्र इंग्रजी नावांतला श्लेष मराठीत हरवतो, म्हणून एवढे सांगायला हवे की तिकडे चौकट म्हणजे हिरा, इस्पिक म्हणजे कुदळ, किलवर म्हणजे सोटा आणि बदाम म्हणजे हृदय.

चौकटीची माणसे हिरे वेचणारी. गुण, पायऱ्या, पदके, क्रमांक यांत त्यांचा जीव. मेंढीकोटात समोरच्यावर कोट चढवल्याखेरीज ज्यांचा डाव गोड होत नसे, ती ही मंडळी. इस्पिकाच्या माणसांना जिंकण्याचे फारसे अगत्य नसते. त्यांना खणायचे असते. हा नियम असाच का, त्या वाटेने गेले तर काय सापडेल, हे पाहायचे असते. आजोबा ल्यूडो खेळण्याऐवजी त्याच्या सेटिंगमध्येच तासभर रमलेले दिसले, तर ते चुकलेले नाहीत. त्यांचा खेळ तोच आहे. तैवानमधील चेन सान-युआन हे गृहस्थ २०१८ मध्ये सत्तरीचे होते. सायकलीच्या दांडीवर अकरा फोन बसवून ते ‘पोकेमॉन गो’ खेळत गावभर फिरत, आणि त्यांची छायाचित्रे जगभर झळकली. ते हिरे वेचत होते की वाटा खणत होते, हे बाहेरून सांगणे कठीण, बहुधा दोन्ही.

किलवरच्या माणसांचे सुख दुसऱ्या माणसावर कुरघोडी करण्यात असते. (किलवर आणि किलर यांचे नादसाम्य हा निव्वळ योगायोग.) ही वृत्ती केवळ तरुणांची, असे समजण्याचे कारण नाही. ज्यांनी झब्बू खेळला आहे, त्यांना शेजाऱ्याला झब्बू देताना पोटात होणाऱ्या गुदगुल्या आठवत असतील. स्वीडनमध्ये २०१७ साली ज्येष्ठांचा ‘सिल्व्हर स्नायपर्स’ नावाचा संघ उभा राहिला. तो ‘काउंटर-स्ट्राइक’ हा गोळीबाराचा खेळ स्पर्धांमधून खेळू लागला आणि त्याची ठाकठीक कुटुंबवत्सल आजी-आजोबा मंडळी पडद्यावर प्रतिस्पर्ध्यांना बिनदिक्कत टिपू लागली. ज्यांचे सगळे आयुष्य निर्णय घेण्यात गेले आणि आता चहात साखर किती हेही दुसरेच ठरवतात, अशा माणसाला डावात एखाद्याची सोंगटी मारण्याचा आनंद वाटला, तर त्यात वावगे काय?

राहिली बदामाची माणसे. त्यांच्यासाठी खेळ हे निमित्त असते, ओट्यावर बसायला हातात निवडायचे तांदूळ असावेत तसे. त्यांना डावात कोण आहे हे महत्त्वाचे. डाव कसा गेला हे त्यांना संध्याकाळपर्यंत आठवतही नाही. आणि घरच्यांकडून सर्वांत अधिक गैरसमज होतो तो याच माणसांविषयी, कारण त्यांचे सुख पडद्यावर दिसत नाही.

नॉर्वेतील मॅट्स स्टीन या तरुणाची कथा या संदर्भात प्रत्येक काळजी घेणाऱ्याने जाणून घ्यावी अशी आहे. १९८९ मध्ये जन्मलेल्या मॅट्सला डुशेन स्नायुक्षय होता. स्नायू एकेक करून साथ सोडत जातात असा हा आनुवंशिक आजार. चाकाच्या खुर्चीला खिळलेला मॅट्स दिवसाचे अनेक तास ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळात घालवी. आईवडील जिवापाड काळजी घेत होते. मुलगा एकाकी आयुष्य जगतो आहे, त्याला ना मैत्री लाभली ना प्रेम, हे दुःख मात्र त्यांना सतत डाचत होते. नोव्हेंबर २०१४ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी मॅट्स गेला. तो आपल्या आजाराविषयी इंटरनेटवर लिहीत असे. वडिलांनी त्याच जागी त्याच्या निधनाची वार्ता कळवली, आणि निरनिराळ्या देशांतून अनोळखी माणसांची पत्रे येऊ लागली. ‘इबेलिन’ या नावाने तो त्या खेळात वावरत होता, आणि त्या जगात तो अनेकांचा विश्वासू मित्र होता. नेदरलँड्समधील एका मुलीचा संगणक तिच्या पालकांनी काढून घेतला, तेव्हा त्याने त्या पालकांना पत्र लिहून तिची बाजू मांडली होती. अंत्यसंस्काराला त्याचे खेळातले सोबती परदेशांतूनही आले. २०२४ मध्ये त्याच्यावर माहितीपट निघाला, तेव्हा ही हकीकत आणखी दूरवर पोहोचली.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा वरकरणी लढायांचा खेळ. मॅट्स त्यात बदामाचे पान होता. आईवडिलांनी तास मोजले होते. त्या तासांत काय घडते, हे त्यांना उमगले ते मुलगा गेल्यावर. त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपल्यापैकी कितीजण शेजारच्या खोलीत चाललेल्या खेळाची चौकशी करतो?

चौकशी करण्याची रीत फार सोपी आहे. ‘किती वेळ खेळलात?’ असे न विचारता ‘आज खेळात काय झाले?’ असे विचारावे आणि उत्तर कशापासून सुरू होते तिकडे कान द्यावा. आकड्यापासून सुरू झाले तर चौकट. ‘अगं, यात एक गंमत सापडली’ असे आले तर इस्पिक. ‘त्याला असा काही धुतला’ म्हणाले तर किलवर. आणि ‘ती नाशिकची बाई आहे ना, तिच्या सुनेला मुलगी झाली’ असे ऐकू आले, तर बदाम. अर्थात, माणूस म्हणजे पत्ता नव्हे की त्याच्यावर एकच छाप असावी. अमेरिकेतील संशोधक निक यी यांनी तीन हजार खेळाडूंच्या उत्तरांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात पराक्रमाची ओढ, माणसांची ओढ आणि खेळाच्या जगात बुडून जाण्याची ओढ अशा तीन प्रेरणा वेगळ्या दिसल्या, पण एक प्रबळ असली म्हणून दुसरी क्षीण असते असे आढळले नाही. बुडून जाण्याच्या ओढीत वास्तवाचा घटकाभर विसर पडणे हेही येते. रुग्णाला औषध देऊन, अंथरूण नीट करून रात्री साडेअकराला मोबाइलवर एक डाव टाकणारी सून वा मुलगा यांची प्रेरणा पुष्कळदा हीच असते. त्यांना त्याबद्दल टोकू नये, आणि त्यांनी स्वतःही अपराधी वाटून घेऊ नये.

बार्टल यांच्या निबंधातील आणखी एक निरीक्षण व्यवहारात फार उपयोगी पडते. हे चार स्वभाव एकमेकांच्या सुखावर परिणाम करतात. किलवरवाले वाढले की बदामवाल्यांची मंडळी पांगू लागते, कारण गप्पा मारायला आलेल्याला सोटा खाण्याची हौस नसते. चौकटवाल्याला बदामवाल्याच्या गप्पा म्हणजे वेळेचा अपव्यय वाटतो. म्हणून एखाद्या आजींनी ऑनलाइन खेळ चार दिवसांत सोडला, तर त्यांना खेळ नावडला असे न समजता त्या कोणाच्या तावडीत सापडल्या हे पाहावे. अनोळखी माणसाने घाई केली, चिडवणारी चित्रे पाठवली, हरताना डाव अर्धवट टाकून तो पळाला, एवढ्यानेही त्या खट्टू होतात. अशा वेळी खेळ तोच ठेवून माणसे बदलावीत. ‘ल्यूडो किंग’मध्ये खासगी खोली उघडून तिचा सांकेतिक क्रमांक फक्त आपल्या माणसांना देता येतो. पुण्यातली बहीण, इंदूरची वहिनी आणि न्यू जर्सीतला भाचा ठरलेल्या वेळी एका डावावर बसले, की बदामाच्या माणसाला आणखी काही नको असते.

चौकटीच्या माणसाची व्यथा वेगळी आणि माझ्या मते अधिक नाजूक आहे. उमेदीत बुद्धिबळ गाजवलेल्या गृहस्थांना अर्धांगवायूनंतर ‘मनाला विरंगुळा’ म्हणून पुन्हा ऑनलाइन बुद्धिबळाला बसवले जाते, आणि दर डावागणिक घसरणारे मानांकन त्यांना आजाराची रोज नवी पावती देत राहते. त्यांना खेळ नको असतो असे नाही; तो आकडा नको असतो. ‘लीचेस’ या विनामूल्य संकेतस्थळावर मानांकन दृष्टीआड ठेवण्याची सोय आहे, तसेच एका चालीला एक दिवस वा अधिक अवधी घेता येईल असे डावही मांडता येतात. हात थरथरणाऱ्याला, विचाराला वेळ लागणाऱ्याला घड्याळाच्या काट्यावर बसवणे हा खेळ नव्हे, परीक्षा झाली. ब्रिज खेळणाऱ्यांना ‘ब्रिज बेस ऑनलाइन’वर यंत्राविरुद्ध एकट्याने सराव करता येतो, तेथे चूक झाली तरी भागीदाराचे डोळे वटारलेले नसतात.

स्मृती तल्लख राहावी म्हणून खेळा, असा आग्रह मात्र जपून करावा. मेंदूच्या खेळांनी विस्मरण टळते अशा जाहिरातींना पुरेसा आधार नसल्याच्या कारणावरून अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१६ मध्ये ‘ल्युमॉसिटी’च्या कंपनीकडून वीस लाख डॉलर वसूल केले होते. गप्पांना आसुसलेल्या आईला एकटीने सोडवायची कोडी औषधासारखी नेमून देणे, हे स्वभावाकडे पाठ फिरवणेच आहे.

मग व्यसन केव्हा म्हणायचे? जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तीत खेळविकाराची नोंद आहे आणि तिच्या निकषांत तासांचा आकडा नाही. खेळण्यावर ताबा न राहणे, अन्य आवडी व दैनंदिन व्यवहार मागे पडून खेळालाच अग्रक्रम मिळणे, आणि हानी दिसत असूनही खेळ चालूच राहणे, अशी ती लक्षणे आहेत. ती सर्वसाधारणपणे बारा महिने दिसली, तर तज्ज्ञ निदानाचा विचार करतात. झोप, जेवण, औषधाच्या वेळा, आंघोळ यांवर परिणाम होऊ लागला, तर बारा महिने वाट न पाहता डॉक्टरांशी बोलावे. फोन हिसकावून घेणे हा उपाय शेवटी ठेवावा. बदामाच्या माणसाच्या बाबतीत तर आपण एका फटक्यात त्याचे सारे शेजारी उठवून लावत असतो.

याच बदामाच्या माणसांना एक सावधगिरी मात्र आवर्जून सांगावी लागते. ज्याला माणसांची भूक आहे, त्याच्याकडेच गोड बोलणारा ठकसेन आधी वळतो. खेळात महिनाभर विचारपूस करणारा स्नेही अचानक अडचणीत सापडतो, पैसे मागतो, किंवा ‘थोडे पैसे लावून खेळू’ म्हणतो. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंदी घातली आहे. तेव्हा असे आमंत्रण आले की तो डाव तेथेच मिटावा. पैसे गेलेच, तर लाजेपोटी दोन दिवस घालवू नयेत. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी. जितकी त्वरा, तितकी रक्कम वाटेतच अडवली जाण्याची शक्यता अधिक. आणि घरच्यांनी त्या वेळी ‘तरी सांगत होतो’ हे तीन शब्द गिळून, आधी फोन लावून द्यावा.