घरचा मामला

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस पेण येथील काही मित्रांनी आम्हांस व्याख्यानासाठी पाचारण केले होते. गणपतीचे दिवस तोंडावर आलेले. कारखान्यांतून रंगकाम रात्रंदिवस चाललेले. तरीही सभागृह भरले होते. विषय ‘कुटुंबातील मारहाण आणि मुले’ असा होता. व्याख्यान संपल्यावर एक वयोवृद्ध गृहस्थ उठले. चेहऱ्यावरून सालस, बोलण्यावरून बहुश्रुत. ते म्हणाले, “प्रोफेसरसाहेब, आपले आकडे बरोबरच असतील. पण हा ज्याच्या त्याच्या घरचा मामला आहे. भांड्याला भांडे लागायचेच. शिवाय हे प्रकार दारूपायी, खालच्या वस्तीत होतात. आणि मुलांचे म्हणाल, तर आम्हीही वडिलांचा मार खाल्ला आहे. काय बिघडले आमचे?” यावर टाळ्या पडल्या. आमच्या तासाभराच्या व्याख्यानास पडल्या होत्या त्याहून त्या अधिक होत्या, हे आम्ही प्रांजळपणे कबूल करतो. त्या वेळी सभेची आटोपती वेळ पाहून आम्ही दोन शब्दांत उत्तर दिले. ते अपुरे होते. आमचा वाद त्या गृहस्थांशी नसून त्या टाळ्यांशी आहे, आणि टाळ्या वाजविणारे हात आमच्यासारख्याच पांढरपेशा कुटुंबांतले होते, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम ‘घरचा मामला’ या शब्दांकडे पाहू. हे शब्द आपल्याकडे नवे नाहीत. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला, त्याच्या आगेमागे महाराष्ट्रात जे रण माजले त्यात हीच ढाल पुढे होती. परंतु तिचा उपयोग कोणी कोणाविरुद्ध केला हे पाहण्यासारखे आहे. त्याच्या काही वर्षे आधी, १८८४ साली, दादाजी भिकाजी यांनी रखमाबाईंना नांदावयास पाठवावे म्हणून मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला, आणि १८८७ साली, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असे न्यायासनाने त्या तरुणीस सांगितले. त्या वेळी घर हे परक्याने पाऊल न टाकण्याचे देवघर आहे हे तत्त्व कोठे गेले होते? बायकोस घरात ओढून आणण्यास सरकार चालते. घरात तिच्यावर हात उगारला की तेच सरकार परके होते! ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली ती १८८२ साली. म्हणजे हा दुटप्पीपणा आमच्याच एका भगिनीने आमच्याच भाषेत उघडा करून दाखविल्यास आता शंभर वर्षे केव्हाच उलटून गेली आहेत.

आता ‘खालच्या वस्ती’विषयी. पेण आणि रोहे या दोन्ही तालुक्यांत कातकरी व ठाकूर यांच्या वाड्या आहेत. मारहाणीचा विषय निघाला की आमच्या लोकांचे बोट आपोआप त्या डोंगराकडे वळते. बोट वळविण्यापूर्वी २०१९ ते २०२१ या काळात झालेली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी उघडून पाहावी. विवाहित स्त्रियांपैकी नवऱ्याकडून शारीरिक वा लैंगिक अत्याचार सोसलेल्यांचे प्रमाण देशात शेकडा २९, महाराष्ट्रात शेकडा २५. त्याआधीच्या पाहणीत महाराष्ट्राचा हाच आकडा शेकडा २१ होता. देशाचा आकडा किंचित उतरत असता आमचा चढला आहे, हे पुरोगामीपणाचा टिळा लावणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. दारूने मारहाण वाढते हे खरेच. ज्यांचे नवरे वारंवार झिंगतात अशा शंभर स्त्रियांपैकी सत्तरांनी मार सोसला आहे. परंतु त्याच पाहणीत, ज्यांच्या नवऱ्यांनी दारूस कधी स्पर्श केला नाही, अशा शंभरांतील तेवीसजणींनीही तो सोसला आहे. त्या तेवीसजणींस कोणत्या बाटलीने मारले? शिक्षणाने व पैशाने प्रमाण घटते, पण ते नाहीसे होत नाही. फरक एवढाच, की वाडीवरच्या झोपडीतील आक्रोश चार घरे ऐकतात आणि आमच्या घरांस भिंती जाड असतात.

भिंतीवरून आठवले. आमचे बालपण रोह्यास गेले. कुंडलिकेच्या बाजूस एका जुन्या वाड्यात आम्ही राहत होतो आणि मधल्या भिंतीपलीकडे एक सुविद्य कुटुंब होते. घरमालक दारूच काय, विडीसही न शिवणारे. देवधर्म चोख, अक्षर मोत्यासारखे. महिन्यातून दोन-तीन रात्री त्या भिंतीतून आवाज येत. प्रथम एक जड आवाज, मग काही पडल्याचा, आणि मग सर्वांत भयंकर असे काहीच न ऐकू येणे. आवाज सुरू झाले की आमचे वडील मुकाट्याने उठत आणि रेडिओ मोठा करीत. ते दुष्ट नव्हते. आयुष्यात त्यांनी आम्हांवर एकदाही हात उगारला नाही. परंतु ते रेडिओ मोठा करीत. दुसऱ्या दिवशी पलीकडचा मुलगा आमच्याकडे गणिते सोडविण्यास येई, आणि बातम्या किती वाजता लागतात हे आमच्या घरच्या घड्याळाहून त्यास अधिक नेमके ठाऊक असे. त्या वेळी यातला अर्थ आम्हांस कळला नाही. मुलगा भिंतीच्या त्या बाजूने आमचा रेडिओ ऐकत होता.

त्या मुलास कोणी मारीत नव्हते. म्हणूनच ‘मुलांवर तर कोणी हात टाकला नाही’ हे समाधान आम्हांस फोल वाटते. आईस मार बसताना पाहणाऱ्या मुलांविषयी झालेल्या ११८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. अशा मुलांपैकी शेकडा ६३ मुलांची स्थिती इतर सर्वसाधारण मुलांहून वाईट दिसली. आणि ज्यांनी केवळ पाहिले व ज्यांनी स्वतः मार खाल्ला, त्यांच्या हानीत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. १९९८ साली डॉ. फेलिट्टी आणि डॉ. अँडा यांनी कॅलिफोर्नियातील साडेनऊ हजार प्रौढ रुग्णांच्या बालपणाची जी चौकशी प्रसिद्ध केली, तिच्यातही ‘घरात आईस मारहाण होत होती काय’ हा एक स्वतंत्र प्रश्न होता. ज्यांच्या वाट्यास असे चार किंवा अधिक प्रकारचे आघात आले होते, त्यांच्यात मद्यासक्ती, खिन्नता व आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका काहीही आघात न झालेल्यांच्या चौपट ते बारापट होता. एवढेच नव्हे, तर हृदयविकार, फुप्फुसांचे व यकृताचे रोग यांचेही प्रमाण आघातांच्या संख्येबरोबर चढत गेलेले दिसले. हे लोक बहुतांशी सुशिक्षित, नोकरीपेशाचे व मध्यम वर्गातले होते, ही गोष्ट आमच्या वाचकांनी विशेष लक्षात ठेवावी.

यावर ‘ही परदेशची थेरे’ असे कोणी म्हणेल. तर देशातले घ्या. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली तेरा राज्यांतील बारा हजारांहून अधिक मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. महाराष्ट्र त्यात होता. दर तीन मुलांतील दोन मुलांनी मार खाल्ला होता, आणि कुटुंबात मार खाल्लेल्यांपैकी बहुतेकांना मारणारे आईबापच होते. आमच्याच देशाच्या १९९८-९९ च्या पाहणीतील आकड्यांवरून हार्वर्ड येथील दोन संशोधकांनी २००८ साली दाखविले, की नवऱ्याचा मार खाणाऱ्या स्त्रियांत रक्तक्षय व कृशता अधिक, आणि त्यांच्या मुलांतही तेच. याचे कारण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. ज्या घरात स्वयंपाक बिघडला म्हणून ताट भिरकावले जाते, तेथे सर्वांच्या मागून जेवणाऱ्या बाईच्या पोटात काय पडत असेल, आणि सतत धास्तावलेल्या शरीराला ते कितपत लागत असेल, याचा विचार करावा.

‘आम्ही मार खाल्ला, आमचे काय बिघडले?’ या प्रश्नाचे उत्तर देणे मात्र नाजूक आहे. कारण समोरच्या गृहस्थाचे काय बिघडले हे सांगणे सभ्यतेस सोडून होते. तरी एक गोष्ट बोलून दाखवितो. ज्यांचे बिघडले ते त्या सभागृहात आलेच नव्हते. पटकीच्या साथीतून वाचलेल्यांची सभा भरवून ‘पटकीने कोण मेले, हात वर करा’ असे विचारले, तर एकही हात वर होणार नाही. आणि दुसरे असे, की मार खाऊन मोठा झालेला मनुष्य आपले काहीच बिघडले नाही हे सिद्ध करण्यासाठी जेव्हा आपल्या मुलास किंवा बायकोस मारण्याचे समर्थन करू लागतो, तेव्हा काय बिघडले हे आम्ही वेगळे सांगण्याची गरज राहत नाही. उपरोक्त राष्ट्रीय पाहणीत सात कारणे वाचून दाखविली होती: न सांगता बाहेर जाणे, उलट बोलणे, सासूसासऱ्यांचा मान न राखणे इत्यादी. यांपैकी निदान एका कारणासाठी नवऱ्याने मारणे योग्य असे म्हणणारे पुरुष शेकडा ४४ निघाले आणि स्त्रिया शेकडा ४५. हा धडा त्या स्त्रियांस कोणत्या शाळेत मिळाला? जिच्या आईने बापाचा मार खाल्ला, तिलाही नवऱ्याचा मार बसण्याचे प्रमाण या पाहण्यांत इतर स्त्रियांच्या दुपटीच्या आसपास दिसत आले आहे.

परंतु येथेच आम्हांस दुसऱ्या एका पक्षाशी भांडावयाचे आहे, आणि तो पक्ष आम्हांस पहिल्याहून अधिक धोक्याचा वाटतो. हे लोक संशोधनाचे नाव घेतात. आमच्या परिचयाच्या एका घरात स्थळ पाहणे चालले होते. मुलगी शिकलेली, मिळवती. पण तिची आई नवऱ्याचा जाच सोसवेना म्हणून तिला घेऊन माहेरी राहिलेली. वरपक्षाकडील एक सुशिक्षित बाई आम्हांस म्हणाल्या, “सर, तुम्हीच तर सांगता ना, असल्या घरातली मुले तशीच निघतात म्हणून?” आम्ही असे कधी सांगितलेले नाही! कॅथी विडम या विदुषीने बालपणी छळ वा हेळसांड झाल्याचे न्यायालयात शाबीत झालेल्या ९०८ मुलांचा माग काढून १९८९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. गुन्हेगारीचे प्रमाण त्यांच्यात अधिक होते खरे, परंतु बहुसंख्य मुले गुन्हेगार झाली नव्हती. वर सांगितलेल्या ११८ अभ्यासांतही शेकडा ३७ मुले इतरांच्या बरोबरीने किंवा सरस होती. हवाई बेटांपैकी कवाई येथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी अनेक दशके पाठपुरावा केला. अत्यंत विपरीत परिस्थितीत वाढलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले कर्तबगार व समतोल निघाली, आणि त्यांच्या मागे बहुधा एखादे तरी मायेचे, भरवशाचे मोठे माणूस उभे असल्याचे आढळले. आजी, शेजारीण, मास्तर, कोणीही. जन्मपत्रिकेतील मंगळ काढून तेथे संशोधनाचा शिक्का मारावयाचा, असा हा नवा फलज्योतिषाचा धंदा आहे. जी आई मुलीस घेऊन घराबाहेर पडली, तिने मुलीस मार सोसू नये हे शिकविले. दोष शोधावयाचाच असेल, तर वरपक्षाने तो आपल्या घरात शोधावा.

बाहेर पडणाऱ्या अशा स्त्रिया थोड्याच. मार सोसलेल्या स्त्रियांपैकी शेकडा ७७ जणींनी कोणाची मदत मागितली नाही की कोणास सांगितलेही नाही. आमच्या भागात गौरीस लेकी माहेरी येतात. आईच्या नजरेस दंडावरचा काळानिळा डाग पडत नाही असे नाही. आई डागावर तेल चोळते, लेकीस पोटभर जेवू घालते, आणि गौरीबरोबर लेकीचीही पाठवणी करते. ‘लोक काय म्हणतील’ या एका प्रश्नास आमच्या मध्यम वर्गात जी सत्ता आहे ती कोणत्याही कायद्यास नाही.

कायदे आहेत. १९८३ साली क्रूरतेचे कलम दंडसंहितेत आले, आणि २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत ८५ व्या कलमात आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा २००६ च्या ऑक्टोबरात अमलात आला. त्यात घरात राहण्याचा हक्क आहे, संरक्षण अधिकारी आहे, आणि अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकालात काढावा असे वचन आहे. या कायद्यांचा गैरवापर होतो, ही तक्रारही आम्ही ऐकली आहे. काही ठिकाणी तो होत असेल. खोट्या धनादेशांपायी कोणी पेढ्या बंद केल्याचे मात्र आमच्या ऐकिवात नाही.

रोहेकरांस आणखी एका गोष्टीची आठवण द्यावीशी वाटते. चिंतामणराव देशमुखांचे बालपण ज्या गावात गेले त्याचा त्यांस रास्त अभिमान आहे. परंतु त्यांच्या पत्नी दुर्गाबाई यांचे नाव त्या मानाने कमी निघते. आठव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या या बाईने मोठेपणी ते नाते नाकारले, आणि १९५३ साली चीनमधील कुटुंब न्यायालये पाहून आल्यावर तशी न्यायालये येथे हवीत हा विचार छागला, गजेंद्रगडकर व पंडित नेहरू यांच्यापुढे मांडला. कायदा झाला १९८४ साली, तिच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. त्यातही कुटुंब न्यायालय स्थापण्याची सक्ती ठेवली ती दहा लाखांवर वस्ती असलेल्या शहरांपुरती. रोह्याच्या सुनेने मागितलेले न्यायालय रोह्याच्या वाट्यास यावे अशी कायद्याचीच सक्ती नाही!

मुंबईत २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ नावाचे केंद्र निघाले. महानगरपालिका आणि ‘सेहत’ ही संशोधन संस्था यांनी मिळून ते काढले. त्यामागील विचार अगदी साधा आहे. मार खाल्लेली बाई पोलिसांत जात नाही, वकिलाकडे जात नाही. पण हात मोडला की दवाखान्यात जावेच लागते. तेथे परिचारिकेने नुसते ‘काय झाले’ न विचारता, बाजूस नेऊन, सोबतच्या नवऱ्यास वा सासूस बाहेर बसवून, ‘कोणी मारले काय’ असे विचारावे, लिहून घ्यावे, आणि बाईस कोठे जाता येईल ते सांगावे. त्याच धर्तीवर पुढे इतर सरकारी रुग्णालयांतही केंद्रे निघाली. पेण आणि रोहे येथील आमच्या वाचकांनी एक दिवस सवड काढून आपापल्या गावच्या सरकारी दवाखान्यात जावे. ‘पायरीवरून पाय घसरला’ असे सांगणाऱ्या बाईस तेथे दुसरा प्रश्न विचारला जातो काय, तो विचारण्यास दार लावून घेता येईल अशी एखादी खोली आहे काय, तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचे नाव भिंतीवर लिहिले आहे काय, आणि बाईबरोबर आलेले मूल तेवढा वेळ कोठे बसते, हे पाहून यावे.