मेल्याची खोळ

मित्रांनो, शिव्या मागनं द्या, आधी ऐका.

मी सूतगिरणीत ब्लोरूमला आहे. कापूस मी शाळेत नाही, तिसऱ्या पाळीत शिकलो. गेल्या पावसाळ्यात जुन्या बाजारातनं गादी आणली. आठ दिवसांत धाकटीच्या पाठीवर चट्टे उठले. गादी उसवली. खोळ नवी, फुलाफुलांची. आत काळा, गुठळ्या झालेला कापूस, त्यावर तपकिरी डाग. शिवणीत ढेकणांची वसाहत. कुणाच्या अंगाखालचा हा कापूस? बाळंतिणीच्या का मढ्याच्या? विकणारा म्हणाला, "स्वस्तात पाहिजे, नि वर वंशावळ पण पाहिजे व्हय?"

व्हय, पाहिजे. माणसाची जात जन्माआधी विचारणाऱ्या देशात गादीचा जन्म विचारला तर एवढं झोंबतं कशाला?

अमेरिकेत गादीला चिठ्ठी शिवतात. आत काय भरलंय ते तिच्यावर लिहायचं. काही राज्यांत वापरलेल्या मालाला पिवळी चिठ्ठी, नि विकण्याआधी जंतू मारायची सक्ती. इंग्लंडात १९७९ साली मँचेस्टरच्या वुलवर्थ दुकानात फर्निचर पेटलं, फोमच्या विषारी धुरात दहा माणसं गेली. १९८८ साली तिथं नियम झाले. जुना सोफा विकायचा तरी तो आगीच्या कसोटीला उतरलेला पाहिजे. चिठ्ठी नसली तर दानाची दुकानंसुद्धा तो फुकट घेत नाहीत.

आपल्याकडं २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत रक्तानं माखलेल्या गाद्या पिवळ्या वर्गात टाकून नष्ट करायला सांगितल्यात. चांगलं लिहिलंय. पण मागच्या दारानं किती जातात, कोण मोजतं?

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांना मेलेल्यांची वस्त्रं नेमून दिलीत. २५ डिसेंबर १९२७ ला महाडात ती पोथी जळली. खोळ मात्र उरली. आता मनू हुकूम सोडत नाही, बाजारभाव सोडतो.

आणि आपण? पूर आला की टेम्पो भरून जुन्या गाद्या वस्तीत वाटतो. कुणी उसवून बघितल्या? "माळ्यावर वर्षभर पडून होती, स्वच्छच असणार" म्हणतो. ढेकूण उपाशीपोटी महिनोन्‌महिने जगतो, गड्यांनो. आपल्यासारखाच चिवट.

तुम्ही म्हणाल, नियम आले तर गरिबाची स्वस्त गादी जाईल, नि जुन्या बाजारात बसलेला पण आपलाच माणूस. खरंय. म्हणून हातगाडीवाल्याच्या मागं पोलीस लावा असं मी म्हणत नाही. गादी टाकणाऱ्या हॉटेलाला धरा, दवाखान्याला धरा, जुना कापूस पिंजून नव्या खोळीत भरणाऱ्या कारखानदाराला धरा. जुनं भराल तर जुनं म्हणून चिठ्ठी शिवा. विकण्याआधी उष्णता देऊन जंतू-ढेकूण मारा, खर्च तुमचा. नुसत्या उन्हात टाकून भागत नाही. रक्तामुताचे डाग असलेली गादी बाजारात येताच कामा नये.

जुनं वापरायची मला लाज नाही. आमचं सगळं आयुष्य जुन्यावर गेलं. पण जुनं नवं म्हणून गळ्यात मारणं ही फसवणूक आहे, नि दान म्हणून घाण देणं हा अपमान आहे.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर मी बाजारात जाताना खिशात कात्री ठेवतो. एक टाका उसवू देत नसेल, त्याच्याकडनं घेत नाही. तुम्हीपण ठेवा. नि पुढचा टेम्पो भरण्याआधी ती वापरा.

जयभीम.