भलत्या गुन्ह्याची शिक्षा

१८ मार्च २०१३ रोजी अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील नेवार्क येथील संघीय न्यायालयाने अँड्र्यू ऑर्नहायमर या सत्तावीस वर्षांच्या तरुणाला ४१ महिन्यांच्या तुरुंगवासाची शिक्षा फर्मावली. शिवाय एटी अँड टी या बलाढ्य दूरध्वनी कंपनीला सहआरोपीसह ७३,००० डॉलरांहून अधिक भरपाई देण्याचा हुकूम केला. संगणकाच्या जगात हा तरुण ‘वीव्ह’ या टोपणनावाने कुप्रसिद्ध होता. त्याचा उपद्रव ज्यांनी सोसला होता किंवा पाहिला होता, त्यांतल्या कितीतरी जणांनी ही बातमी ऐकून सुटकेचा निःश्वास टाकला असेल. ‘बरे झाले, एकदाचा सापडला,’ हा उद्गार अशा वेळी सहज ओठांवर येतो.

आम्हांला मात्र त्या समाधानात सहभागी होता येत नाही. आमचे म्हणणे थोडक्यात असे: ऑर्नहायमर दुर्जन आहे, यात आम्हांला तिळमात्र शंका नाही, आणि तरीही त्याला झालेली ती शिक्षा अन्यायाची होती. ही दोन विधाने परस्परविरोधी आहेत असे ज्यांना वाटते, त्यांच्याशी आमचा वाद आहे.

प्रथम त्याच्या दुर्जनपणाविषयी. ‘ट्रोल’ हा शब्द आता आपल्या घराघरांत पोहोचला आहे. दुसऱ्याला जाणूनबुजून डिवचायचे, तो चिडला किंवा रडू लागला की त्याच्या दुःखावर हसायचे, आणि कोणी जाब विचारला तर ‘गंमत केली’ म्हणून हात झटकून मोकळे व्हायचे, हा ट्रोलांचा धंदा. ऑर्नहायमर या धंद्यात मुरलेला होता. कॅथी सिएरा या अमेरिकेतील नामवंत संगणक-शिक्षिका आणि लेखिका. जावा ही संगणकभाषा शिकवणाऱ्या त्यांच्या ‘हेड फर्स्ट जावा’ या पुस्तकावर आपल्याकडील अभियांत्रिकीच्या अनेक विद्यार्थ्यांनीही अभ्यास केला आहे. २००७ साली या बाईंना इंटरनेटवरून ठार मारण्याच्या धमक्या येऊ लागल्या. त्यांची विकृत केलेली छायाचित्रे पसरवली गेली. मार्च महिन्यात सॅन दिएगो येथे ठरलेले व्याख्यान त्यांना भीतीपोटी रद्द करावे लागले. पुढे कोणीतरी त्यांच्याविषयी खोटेनाटे लिहून, त्यांच्या घराचा पत्ता आणि सामाजिक सुरक्षा क्रमांक जगजाहीर केला. हा क्रमांक अमेरिकन माणसाच्या साऱ्या आर्थिक व्यवहारांचा पाया असतो. बाईंनी जाहीर लेखन सोडून दिले आणि त्या वर्षानुवर्षे लोकांच्या नजरेआड राहिल्या. ऑगस्ट २००८ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या नियतकालिकात ट्रोलांवर मोठा लेख आला, तेव्हा ऑर्नहायमरने या कृत्याचे श्रेय आपल्या तोंडाने घेतले. पुढे त्याने कानांवर हात ठेवले, ही गोष्ट वेगळी. पण ज्या कृत्याने एका बाईचे आयुष्य उद्ध्वस्त झाले, त्याची अशी फुशारकी मारणारा माणूस कोणत्या जातकुळीचा असेल, हे वेगळे सांगायला नको.

यासाठी त्याला शिक्षा झाली असेल, असा कोणाचाही समज होईल. तो समज चुकीचा आहे. या छळाबद्दल त्याच्यावर कधीच खटला चालला नाही.

मग तो तुरुंगात गेला कशासाठी? २०१० च्या एप्रिलमध्ये अ‍ॅपल कंपनीचा आयपॅड बाजारात आला. मोबाइलच्या जाळ्यावर चालणाऱ्या त्याच्या प्रकाराला अमेरिकेत एटी अँड टी ही कंपनी सेवा पुरवत असे. ग्राहकाला आपला ई-मेल पत्ता दरवेळी टंकित करावा लागू नये म्हणून कंपनीने एक सोय केली. आयपॅडमधील सिमकार्डाचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळाला कळवला की तेथून त्या ग्राहकाचा ई-मेल पत्ता आपोआप पुढ्यात येई. परवलीचा शब्द नाही की कसली विचारपूस नाही. डॅनियल स्पिटलर या ऑर्नहायमरच्या साथीदाराच्या हे ध्यानात आले. त्याने एकापाठोपाठ एक क्रमांक पाठवत राहील अशी छोटीशी संगणकीय आज्ञावली लिहिली, आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यातील काही दिवसांत सुमारे १,१४,००० पत्ते गोळा झाले. ऑर्नहायमरने ती यादी ‘गॉकर’ या वृत्तसंस्थेकडे दिली, बातमी फुटली आणि कंपनीची नाचक्की झाली. यादीत न्यूयॉर्कचे तेव्हाचे महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांच्यासारखी बडी मंडळीही होती.

वाचकहो, एखाद्या शिधावाटप कार्यालयाची खिडकी डोळ्यांसमोर आणा. कोणीही यावे, शिधापत्रिकेचा कोणताही क्रमांक सांगावा आणि आतल्या कारकुनाने त्या क्रमांकाच्या कुटुंबाचा पत्ता मोठ्याने वाचून दाखवावा, अशी तेथील रीत आहे. एक टवाळ इसम दिवसभर खिडकीशी उभा राहून क्रमांक सांगत जातो, पत्ते लिहून घेतो आणि संध्याकाळी वर्तमानपत्राच्या कचेरीत जाऊन म्हणतो, ‘पाहा यांचा कारभार!’ हा इसम सज्जन आहे काय? नाही. त्याच्या हेतूंत खोट होती. आपापसातल्या गप्पांत या दोघांनी कंपनीच्या शेअरांचा भाव कोसळला तर आपल्याला काय लाभ होईल, याचाही विचार केला होता. पण त्याने कुलूप फोडले काय? कुलूपच नव्हते, तर फोडणार काय? लोकांचे पत्ते सांभाळण्याचे कर्तव्य ज्याचे होते, त्या कारकुनाला आणि त्याच्या वरिष्ठांना कोणी जाब विचारला?

संगणकीय फसवणुकीविरुद्धचा १९८६ चा संघीय कायदा या खटल्याच्या मुळाशी आहे. ‘अधिकार नसताना’ दुसऱ्याच्या संगणकात प्रवेश करणे, हा त्या कायद्याने गुन्हा. पण अधिकार म्हणजे काय, याची धड व्याख्या कायद्यात नाही. परिणामी जे सर्वांसाठी उघडे ठेवले आहे तेही पाहण्याचा तुम्हांला अधिकार नव्हता, असे संगणकाचा मालक मागाहून म्हणू शकतो आणि सरकारी वकील त्याची री ओढू शकतात. एवढ्यावरही भागले नाही. जो आरोप किरकोळ गुन्ह्यात मोडला असता, त्याला न्यू जर्सीच्या तशाच एका कायद्याची जोड देऊन तो गंभीर गुन्ह्याच्या पंक्तीत नेऊन बसवण्यात आला. आणि ते ७३,००० डॉलर कशाचे होते? झाल्या प्रकाराची माहिती ग्राहकांना टपालाने कळवण्यासाठी कंपनीला आलेला तो खर्च होता. स्वतःच्या बेफिकिरीबद्दल ग्राहकांना जी पत्रे धाडावी लागली, त्यांचा खर्च कंपनीला दुसऱ्याकडून वसूल करून मिळाला!

स्थळाचा प्रश्न तर त्याहून मासलेवाईक. ऑर्नहायमर राहत होता आर्कान्सा राज्यात, स्पिटलर कॅलिफोर्नियात. कंपनीचे संगणक होते टेक्सास आणि जॉर्जिया राज्यांत. मग खटला न्यू जर्सीत कसा? तर त्या १,१४,००० पत्त्यांपैकी सुमारे ४,५०० पत्ते न्यू जर्सीच्या रहिवाशांचे होते म्हणून! या हिशेबाने सरकारला पन्नास राज्यांपैकी मनाला येईल ते राज्य निवडता आले असते. फिलाडेल्फियाच्या अपील न्यायालयाने ११ एप्रिल २०१४ रोजी याच मुद्द्यावर दोषसिद्धी रद्द ठरवली. आरोपीला सोयीस्कर वाटेल तिथे ओढून न्यायचे नाही, हे तत्त्व अमेरिकन राज्यघटनेत एकदा नव्हे, दोनदा लिहिलेले आहे. १७७६ साली वसाहतींनी इंग्लंडच्या राजाविरुद्ध जी गाऱ्हाणी मांडली, त्यांतही खटल्यासाठी माणसांना समुद्रापार नेले जाते, हे एक गाऱ्हाणे होते. कोणताही परवलीचा शब्द किंवा अडसर मोडल्याचा पुरावा खटल्यात पुढे आला नाही, असेही न्यायालयाने एका तळटीपेत नमूद केले. सुमारे तेरा महिन्यांच्या कारावासानंतर ऑर्नहायमर बाहेर आला.

येथे आमचे काही स्नेही म्हणतील, ‘अशा माणसासाठी एवढी शब्दांची कीस कशाला? कोणत्या का कलमाखाली होईना, आत गेला हे महत्त्वाचे.’ या युक्तिवादाची आम्हांला मनस्वी भीती वाटते. ‘म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो,’ असे आपले पूर्वज सांगून गेले, ते उगीच नव्हे. दुर्जनासाठी सैल केलेला कायदा दुर्जनापाशी थांबत नाही. ऑर्नहायमरला दोषी ठरवण्यात आले २० नोव्हेंबर २०१२ रोजी. त्याच आठवड्यात आपल्या पालघरला काय घडले, ते आठवून पाहावे. शिवसेनाप्रमुखांच्या निधनानंतर मुंबईत पाळल्या गेलेल्या बंदविषयी एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्यांना पसंती दर्शवली आणि दोघींना अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ त्यांना लावण्यात आले. त्या निरपराध मुली आणि हा टवाळ यांची तुलना आम्ही करीत नाही. साम्य आहे ते कायद्याच्या ऐसपैस शब्दांत. तेथे ‘अधिकार नसताना’, येथे ‘अत्यंत आक्षेपार्ह’. कोणाला काय आक्षेपार्ह वाटेल याला धरबंध नव्हता, म्हणूनच २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द करावे लागले. असे कलम संमत होते तेव्हा प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर कोणीतरी दुर्जनच असतो. पालघरच्या मुली तेव्हा कोणाच्या ध्यानीमनीही नसतात.

इतके सांगितल्यावर आम्हांला दुसऱ्या बाजूकडे वळले पाहिजे, कारण तिचाही अपराध लहान नाही. ऑर्नहायमरला तुरुंगात धाडले जाताच तो अनेकांच्या लेखी हुतात्मा ठरला. कायद्याच्या मुद्द्यावर त्याची बाजू मांडणारे प्राध्यापक ऑरिन कर आणि त्यांचे सहकारी यांच्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. त्यांनी एक पैसाही न घेता आपले काम चोख बजावले. पण वकिलाने अशिलाच्या हक्कासाठी झगडणे निराळे आणि लोकांनी त्या अशिलाच्या गळ्यात हार घालणे निराळे. हार घालणाऱ्यांनी कॅथी सिएरा यांची आठवण सोयीस्करपणे बाजूला सारली. २०१४ साली त्या बाईंनी याविषयी लिहिले, त्यातील वेदना वाचकाच्या काळजाला भिडते. आपला छळ मिरवणाऱ्याला आपल्याच व्यवसायातील प्रतिष्ठित मंडळी डोक्यावर घेऊन नाचताना पाहणे, यासारखा दुसरा अपमान कोणता?

त्या नायकाने आपले खरे रूप दाखवायला फार काळ लावला नाही. सुटकेच्या वर्षीच, २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये, त्याने नाझी विचारांच्या प्रकाशनात उघडपणे लेखन केले आणि छातीवर गोंदवलेले नाझी चिन्ह मिरवले. मार्च २०१६ मध्ये त्याने अमेरिकेतील विद्यापीठांची इंटरनेटला उघडी जोडलेली छपाईयंत्रे शोधून काढली आणि हजारो यंत्रांतून ज्यूद्वेषाची पत्रके छापून बाहेर पडली. येथेही कुलूप नव्हते, येथेही दार उघडेच होते. ज्यांचे आप्तस्वकीय छळछावण्यांत मारले गेले, अशा एखाद्या वृद्ध प्राध्यापकाने सकाळी आपल्या कचेरीत येऊन ते पत्रक हातात घेतले असेल, ही कल्पनाही आम्हांला सोसवत नाही.

‘आता तरी तुमची चूक कबूल करा,’ असे कोणी म्हणेल. आम्ही करणार नाही. २०१६ चे पाप २०१० च्या खटल्याला मागाहून न्याय्य ठरवू शकत नाही. माणूस पुढे काय करील या अंदाजावर शिक्षा द्यायची ठरली, तर आपल्यापैकी कोण सुरक्षित राहील? शिवाय खुद्द अमेरिकेनेही हा कायदा आवरता घेण्याची वाट धरली आहे. एका वेगळ्या खटल्यात, ३ जून २०२१ रोजी, तेथील सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याचा अर्थ सहा विरुद्ध तीन मतांनी संकुचित केला. मे २०२२ मध्ये न्याय खात्याने जाहीर केले की, सद्भावनेने संगणकीय त्रुटी शोधणाऱ्यांवर या कायद्याखाली खटले भरू नयेत. जे ऑर्नहायमरच्या वेळी बोलणे अवघड होते, ते पुढे सरकारी धोरणात उतरले.

तेव्हा आमची तक्रार न्यायालयाने त्याला सोडले ही नाही. कंपनीची अब्रू गेली तेव्हा पोलीस, सरकारी वकील, ज्युरी, सारी यंत्रणा जागी झाली, आणि एका बाईला घरात कोंडून घ्यावे लागले तेव्हा तीच यंत्रणा त्याच माणसापर्यंत पोहोचली नाही, ही आमची तक्रार आहे. ज्याने धमकी दिली त्याला धमकीबद्दल, ज्याने कोणाचा पत्ता हिंस्र माणसांच्या हाती दिला त्याला त्याबद्दल, नेमक्या शब्दांच्या कायद्याने आणि उघड पुराव्याने शिक्षा व्हावी. त्यात आम्ही दयामाया मागणार नाही. पण ते अवघड काम टाळून, सापडेल त्या कलमात माणसाला अडकवून ‘न्याय झाला’ म्हणणे, ही स्वतःची फसवणूक आहे.

आणि एक गोष्ट कायद्याच्या आवाक्याबाहेरची आहे, ती आपल्या आवाक्यातली आहे. ऑर्नहायमर एका रात्रीत घडला नाही. तो प्रत्येक वेळी कोणालातरी रडवत होता, तेव्हा त्याच्याभोवती हसणारा एक घोळका होता. असा घोळका जमायला अमेरिकाच लागते असे नाही. रात्रीच्या जेवणानंतर आपला मुलगा वर्गातल्या एखाद्या मुलीविषयी मोबाइलवर आलेला विनोद घरच्यांना वाचून दाखवतो, तेव्हा आपण हसतो की त्याला थांबवून ‘त्या मुलीने हे वाचले तर तिला काय वाटेल?’ असे विचारतो? या प्रश्नाचे उत्तर कोणतेही न्यायालय देणार नाही. ते आपल्यालाच द्यावे लागेल.