‘एनएलपी’ची पुस्तके : काय घ्यावे, काय सोडावे?

आपल्या घरांत पुस्तकाला मान आहे. तो बाबासाहेबांमुळे आला आणि तो टिकलाच पाहिजे. पण छापलेले आहे म्हणून खरे आहे, असे समजणे म्हणजे पुस्तकाचा मान राखणे नव्हे. कालामांना भगवान बुद्धांनी हेच सांगितले होते : ग्रंथात आहे म्हणून मानू नका, पडताळून पाहा. मनाच्या आरोग्याबाबत ही शिकवण फार कामाची आहे.

सध्या आपल्या तरुण मुलामुलींच्या हातात ‘एनएलपी’, म्हणजे न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रामिंगची पुस्तके दिसतात. विचार, भाषा आणि सवयी यांची जुळणी बदलली की माणूस बदलतो, असा त्यांचा दावा असतो. मुलाखतीची धास्ती घालवा, समोरच्याचे मन जिंका, जुनी भीती काही मिनिटांत पुसून टाका, अशी आश्वासने त्यांत असतात. माझे मत स्पष्ट आहे. यातली दोन-चार साधने वापरून पाहायला हरकत नाही. पण त्यांना आजारावरचा उपचार समजू नये आणि अन्यायावरचे उत्तर तर मुळीच समजू नये.

हे शास्त्र आले कुठून? अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेत 1970 च्या दशकात रिचर्ड बॅंडलर हा विद्यार्थी आणि जॉन ग्रिंडर हे भाषाशास्त्राचे अध्यापक एकत्र आले. फ्रिट्झ पर्ल्स, व्हर्जिनिया सॅटिर आणि मिल्टन एरिक्सन या नावाजलेल्या उपचारकांचे बोलणे-वागणे त्यांनी बारकाईने पाहिले आणि त्यातून तंत्रे काढली. 1975 मध्ये त्यांचे पहिले पुस्तक आले. पुढे अँथनी रॉबिन्स यांच्यासारख्या वक्त्यांनी हे जगभर नेले आणि त्याचा मोठा धंदा झाला.

आता कामाचे काय ते पाहू. पहिले साधन नेमका प्रश्न विचारण्याचे. ‘सगळे मला हसतात’ असे मन म्हणाले की विचारायचे, सगळे म्हणजे कोण? कधी हसले? ‘मला इंग्रजी जमणारच नाही’ म्हटले की विचारायचे, कोणते वाक्य अडते? मोठी भीती अशी लहान तुकड्यांत येते आणि तुकडा हाताळता येतो. दुसरे साधन उजळणीचे. मुलाखतीच्या आधी खोलीत शिरणे, नमस्कार करणे, पहिले उत्तर देणे हे डोळ्यांसमोर आणायचे आणि मग मोठ्याने बोलून सराव करायचा. जिथे आपण नीट बोललो होतो तो प्रसंग आठवून अंगठा आणि बोट दाबण्याची युक्तीही पुस्तकांत असते. करून पाहा, पण खरे काम सराव करतो, बोट नव्हे.

तिसरे साधन म्हणजे समोरच्याच्या सुराशी सूर जुळवणे. हे शिर्डीकरांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. भक्ताची गाडी थांबताच पॉलिशवाला त्याच्याच भाषेत बोलू लागतो, दोन-तीन गोष्टींना ‘हो’ म्हणवून घेतो आणि पूजेच्या सामानाच्या दुकानापर्यंत नेऊन सोडतो. हॉटेलच्या काउंटरवरची आपली मुलगी चिडलेल्या पाहुण्याचे म्हणणे शांतपणे ऐकून त्याच्याच शब्दांत परत सांगते, तेव्हा तीही तेच साधन वापरते. एकाने लुटायला, दुसरीने सावरायला. म्हणून हजारो रुपयांच्या दोन दिवसांच्या शिबिराची जाहिरात वाचताना, हेच साधन आपल्यावर चालवले जात नाही ना, हेही तपासावे.

पुराव्याची बाजू कच्ची आहे. 2012 मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आरोग्यविषयक 10 अभ्यासांचा आढावा आला. एनएलपीने आजारात फायदा होतो, याला फारसा आधार त्यात मिळाला नाही. त्याच वर्षी रिचर्ड वाइजमन आणि सहकाऱ्यांनी, डोळे कोणत्या बाजूला वळतात यावरून खोटे ओळखता येते हा लोकप्रिय दावा तपासला. तो टिकला नाही. उलट आपल्या शेजारच्या गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठकांत बोलून, त्यांना रोजच्या कामांत पुन्हा गुंतवले. त्याचा फायदा चाचणीत दिसला आणि 2017 मध्ये ‘लॅन्सेट’ने तो छापला. म्हणजे साध्या बोलण्याने मन सावरते; पण ते तपासलेले बोलणे हवे आणि सोबत माणूस हवा.

आता सगळ्यात महत्त्वाचे. ‘नकाशा म्हणजे प्रदेश नव्हे’ हे वाक्य या पुस्तकांत वारंवार येते. अर्थ असा की त्रास परिस्थितीत नसून आपल्या बघण्यात असतो, बघणे बदला. कधी हे खरे असते. पण रस्त्यात खरोखर खड्डा असेल तर नकाशा बदलून तो बुजत नाही. आडनाव ऐकून खोली नाकारली जाते, तो दोष आपल्या बघण्याचा नाही. 2015 मध्ये याच शिर्डीत, मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजल्यावरून झालेल्या वादात नर्सिंग शिकणाऱ्या तरुणाचा खून झाल्याची फिर्याद होती. त्या घरच्यांना ‘सकारात्मक विचार करा’ सांगणारे पुस्तक काय कामाचे? अपमानाने झोप उडते, छाती धडधडते. ते मनाचे दुबळेपण नाही, जखम आहे. तिला उपचारही हवा आणि न्यायही. एकाच्या नावाने दुसरा सोडू नये.

म्हणून पुस्तक आणाच, पण एका वेळी एकच साधन घ्या. दोन आठवडे करा, रोज वहीत दोन ओळी लिहा, फरक नसेल तर सोडा. घेतलेली औषधे पुस्तक वाचून बंद करू नका. दोन आठवड्यांहून जास्त काळ उदासी, झोप किंवा भूक बिघडणे, कशातच मन न लागणे असेल तर डॉक्टरांकडे जा. जीव द्यावासा वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका आणि घरच्यांनी त्या माणसाला एकटे सोडू नका. ‘टेलिमानस’चा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीतही बोलता येते. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी उपचार हा आपला हक्क आहे. तो मागायला लाजू नका.