जॉर्ज व्हाइट यांचे विधेयक

अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात १८९७ ते १९०१ या काळात ३५७ सभासद होते. त्यांपैकी कृष्णवर्णीय सभासद एकच. जॉर्ज हेन्री व्हाइट हे त्यांचे नाव, उत्तर कॅरोलायना हे त्यांचे राज्य आणि वकिली हा त्यांचा व्यवसाय. एकट्या सभासदाच्या हातून काय होणार, असे वाचक विचारतील. मतांच्या हिशेबाने पाहिले तर काहीच झाले नाही. त्यांनी मांडलेले मुख्य विधेयक समितीच्या दप्तरात पडून राहिले व तेथेच संपले. तरीही त्यांची कारकीर्द हक्कांविषयी आस्था बाळगणाऱ्या प्रत्येकाने अभ्यासावी असे मला वाटते. कारण घटनेत लिहिलेला हक्क घटनेला हात न लावता कसा निकामी करता येतो, हे तिच्यात पायरीपायरीने दिसून येते.

व्हाइट यांचा जन्म १८५२ चा. ते वयात येत असतानाच त्यांच्या देशाची घटना बदलली. १८६५ साली गुलामगिरी नष्ट झाली, १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने नागरिकत्व व कायद्याचे समान संरक्षण दिले, आणि १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने वर्णाच्या कारणावरून मत नाकारण्यास बंदी केली. या तीन दुरुस्त्यांनी जे शक्य केले ते सर्व या माणसाने करून दाखविले. हॉवर्ड विद्यापीठातून १८७७ साली ते पदवीधर झाले. न्यू बर्न येथे शाळा चालवीत असताना एका न्यायाधीशाच्या हाताखाली त्यांनी कायद्याचे अध्ययन केले व १८७९ साली सनद मिळविली. राज्य विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत ते निवडून गेले. १८८६ साली ते आपल्या न्यायविभागाचे सरकारी वकील झाले. आपल्याकडे सरकारी वकील नेमला जातो. तेथे तो मतदार निवडून देत असत. आठ वर्षे त्यांनी हे काम केले. पुढे काँग्रेसमध्ये ते जे बोलले त्यात भावनेपेक्षा पुराव्यावर भर अधिक आढळतो, तो याच आठ वर्षांच्या फौजदारी कामाचा संस्कार असावा, असा माझा तर्क आहे.

१८९८ च्या फेब्रुवारीत दक्षिण कॅरोलायनातील लेक सिटी येथे फ्रेझर बेकर या कृष्णवर्णीय पोस्टमास्तराच्या घरास जमावाने आग लावली. पोस्टाचे कामही तेथेच चालत असे. बेकर व त्यांची तान्ही मुलगी मारली गेली. मृत मनुष्य हा संघराज्य सरकारचा नोकर होता, हे लक्षात घ्यावे. व्हाइट यांनी त्याच्या कुटुंबास साहाय्य देण्याचा ठराव सभागृहापुढे आणण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्यास हरकत घेण्यात आली. आरोपींवर चार्ल्सटन येथे खटला चालला. ज्यूरीचे एकमत झाले नाही आणि कोणासही शिक्षा झाली नाही.

त्याच वर्षी १० नोव्हेंबर रोजी व्हाइट यांच्याच राज्यातील विल्मिंग्टन शहरात सशस्त्र गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राचा छापखाना जाळला, अनेकांना ठार केले, आणि रीतसर निवडून आलेल्या नगर प्रशासनास राजीनामे देणे भाग पाडले. जमावाच्या अग्रभागी आल्फ्रेड वॅडेल हे होते, व त्याच दिवशी ते महापौर होऊन बसले. हे गृहस्थही वकील होते आणि १८७१ ते १८७९ काँग्रेसचे सभासद होते! कायद्याचे ज्ञान मनुष्यास आपोआप न्यायी बनविते असे ज्यांस वाटते, त्यांनी ही दोन नावे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.

अशा परिस्थितीत २० जानेवारी १९०० रोजी व्हाइट यांनी आपले विधेयक मांडले. जमावाने न्यायालयास डावलून माणसास ठार मारणे, ज्यास तेथे लिंचिंग म्हणतात, हा संघराज्याच्या कायद्याखाली देशद्रोहाइतका गंभीर गुन्हा ठरवावा अशी त्याची योजना होती. ‘देशद्रोह’ हा शब्द कोणास अतिशयोक्त वाटेल. पण कायद्याची स्थिती काय होती? १८७६ साली क्रुइकशँक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले होते की, चौदावी दुरुस्ती राज्यसरकारांस बांधते, खासगी व्यक्तींस नव्हे. म्हणजे जमावाने मारले तर दाद राज्याकडेच मागावयाची. आणि राज्यात पोलीस अंमलदार, न्यायाधीश व ज्यूरी सारे त्याच समाजातील असत. ही कोंडी फोडावयाची तर खून हा राष्ट्राविरुद्धचा गुन्हा ठरविला पाहिजे, हे व्हाइट यांनी ओळखले असावे. स्त्रियांच्या अब्रूच्या रक्षणासाठी लिंचिंग होते, हा बचाव त्या वेळी सर्रास केला जाई. व्हाइट यांनी आकडे पुढे ठेवून दाखविले की, मारल्या गेलेल्यांपैकी बहुसंख्यांवर तसा आरोपदेखील नव्हता.

विधेयक न्यायविषयक समितीकडे गेले. समितीने ते सभागृहापुढे परत पाठविलेच नाही. ज्या प्रस्तावाचे खंडन करणे अवघड असते त्याची अशीच वासलात लावली जाते. कचेऱ्यांचे उंबरठे झिजविणाऱ्या आमच्या वकीलवर्गास हे नवे नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उत्तर कॅरोलायनाने मताधिकाराची घटनादुरुस्ती संमत केली. मतदारास वाचता-लिहिता आले पाहिजे व त्याने डोईपट्टी भरलेली असली पाहिजे. तीत ‘वर्ण’ हा शब्द कोठेही नाही. मात्र १ जानेवारी १८६७ रोजी ज्यास मताधिकार होता त्यास व त्याच्या वंशजांस, त्यांनी १ डिसेंबर १९०८ पूर्वी नाव नोंदविले तर, साक्षरतेची अट माफ होती. १८६७ च्या त्या दिवशी तेथील कृष्णवर्णीयांस मत नव्हते, हे सांगावयास नकोच. ज्यांस शिकण्यास कायद्याने बंदी होती त्यांच्या लेकरांची परीक्षा घ्यावयाची, आणि अडाणी गोऱ्यास त्याच्या आजोबाच्या नावावर सोडून द्यावयाचे! मिसिसिपीतील अशाच कसोट्यांस सर्वोच्च न्यायालयाने १८९८ साली मान्यता दिली होती. आजोबांची ही सवलत मात्र दुसऱ्या एका राज्याच्या खटल्यात १९१५ साली अवैध ठरली. साक्षरतेचा हा युक्तिवाद आपल्याकडेही झाला होता. १९२९ साली मुंबई प्रांतिक समितीला जोडलेल्या आपल्या स्वतंत्र अहवालात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो खोडून काढून प्रौढ मताधिकाराचा पुरस्कार केला, हे वाचकांस ठाऊक असेलच.

मतदारच उरणार नाहीत हे पाहून व्हाइट यांनी १९०० साली पुन्हा उमेदवारी केली नाही. २९ जानेवारी १९०१ रोजी शेतीखात्याच्या खर्चाचे विधेयक चर्चेस असताना त्यांनी निरोपाचे भाषण केले. एका पिढीत आपल्या लोकांतील निरक्षरता निदान शेकडा ४५ ने घटली, त्यांच्यात २,००० वकील झाले, अशी जंत्री त्यांनी वाचली. काँग्रेसला कृष्णवर्णीयांचा हा निरोप तात्पुरता आहे, राखेतून उठणाऱ्या पक्ष्याप्रमाणे ते पुन्हा येतील, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. हा भाग पुढे पुष्कळ गाजला. मला मात्र त्या महिन्यातील दुसरी एक गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. चौदाव्या दुरुस्तीचे दुसरे कलम असे सांगते की, जे राज्य आपल्या प्रौढ पुरुष नागरिकांचे मत हिरावून घेईल त्याच्या प्रतिनिधीगृहातील जागा त्या प्रमाणात कमी व्हाव्यात. त्या जानेवारीत जागांची फेरवाटणी चालू असता इंडियानाचे क्रम्पॅकर यांनी हे कलम अमलात आणण्याचा आग्रह धरला व व्हाइट यांनी त्यांस पाठिंबा दिला. मागणी नव्या हक्काची नव्हतीच; घटनेत तेहतीस वर्षे लिहून ठेवलेली शिक्षा लागू करा, एवढीच होती. सभागृहाने ती मानली नाही.

व्हाइट आपल्या राज्यात परतले नाहीत. वॉशिंग्टन व पुढे फिलाडेल्फिया येथे त्यांनी वकिली केली, पेढी काढली, आणि दक्षिणेतून निघालेल्या कुटुंबांसाठी न्यू जर्सीत व्हाइट्सबरो ही वसाहत उभारली. १९१८ च्या डिसेंबरात ते वारले. त्यांच्यानंतरचा पहिला कृष्णवर्णीय सभासद, ऑस्कर डी प्रीस्ट, १९२९ साली शिकागोहून आला. खुद्द उत्तर कॅरोलायनाने पुन्हा कृष्णवर्णीय प्रतिनिधी निवडले ते १९९२ साली. लिंचिंग हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा ठरला तो २९ मार्च २०२२ रोजी. चौदाव्या दुरुस्तीच्या दुसऱ्या कलमाखाली मात्र एकाही राज्याची एकही जागा अद्याप कमी झालेली नाही.