४० वर्षांची गिटार दुरुस्त होते, मग ४ वर्षांचा फोन का नाही?

फोनचा डिस्प्ले गेला, दुकानात नेला आणि उत्तर मिळालं, "याच्यावर खर्च करण्यापेक्षा नवीन घ्या." हे वाक्य ऐकलं नाही असा फोनवाला शोधून सापडणार नाही. आता हेच चित्र थोडं बदलू शकेल अशी एक शिफारस केंद्र सरकारकडे आली आहे. तिचं नाव रिपेअरेबिलिटी इंडेक्स, म्हणजे वस्तू दुरुस्त करायला किती सोपी आहे हे सांगणारे गुण.

हे गुण नेमकं काय मोजतात, हे फोनपेक्षा एका जुन्या इलेक्ट्रिक गिटारवरून लवकर कळतं. अशी एक गिटार मी गेले काही महिने बीडमध्ये दुरुस्त करतोय, म्हणून उदाहरण तिचंच घेतो.

आधी बातमी समजून घेऊ

ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एक पोर्टल सुरू केलं. त्यात चार क्षेत्रं धरली होती: शेतीची यंत्रं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, फ्रिज-वॉशिंग मशीनसारख्या घरगुती वस्तू आणि वाहनं. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये फक्त या इंडेक्ससाठी वेगळी समिती आली. तिचा अहवाल मे २०२५ मध्ये सादर झाला.

निकष साधारण असे आहेत: वस्तू किती टप्प्यांत उघडते, दुरुस्तीची माहिती मिळते का, सुटे भाग वेळेत मिळतात का, कोणती हत्यारं लागतात, स्क्रू कोणते वापरलेत आणि सॉफ्टवेअर अपडेट किती काळ मिळणार. हे गुण दुकानात, ऑनलाइन विक्रीच्या पानावर आणि क्यूआर कोडमधून दिसावेत, असंही सुचवलंय. गुण मात्र कंपनीने स्वतःच जाहीर करायचे आहेत. हा मुद्दा लक्षात ठेवा, त्याकडे शेवटी परत येऊ.

गिटारच्या पोटात असतं काय?

माझ्याकडची गिटार ऐंशीच्या दशकातली, भारतातच बनलेली. एका ऑर्केस्ट्रा पार्टीत वाजत होती. लग्नं आणि गणपतीत डीजे आल्यावर कपाटावर गेली. माझ्याकडे आली तेव्हा आवाज जवळपास बंद, व्हॉल्यूमची खुंटी फिरवली की खरखर, आणि गळ्याच्या कडेला तारेच्या पट्ट्या बोटाला टोचत होत्या.

मागचं झाकण काढलं की आत फार काही नसतं. दोन-तीन पिकअप, दोन-तीन पॉट (व्हॉल्यूम आणि टोनच्या खुंट्यांखालचे भाग), एक कपॅसिटर, एक स्विच, एक जॅक. चिप एकही नाही. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार चुंबकावर थरथरली की वेढ्यांत क्षीण वीज तयार होते आणि तीच अ‍ॅम्प्लिफायर मोठी करतो. दहावीच्या विज्ञानातला फॅरेडे, बस्स.

यातला जॅक तर गिटारपेक्षाही जुना. हा पाव इंची जॅक एकोणिसाव्या शतकात टेलिफोन एक्स्चेंजसाठी आला आणि आजही तसाच मिळतो. चाळीस वर्षांपूर्वीच्या भोकात आजचा भाग बसतो, आणि सगळी गंमत इथेच आहे.

हा योगायोग नाही. अशा गिटारांचा साचा घालून देणारा लिओ फेंडर अमेरिकेत कॅलिफोर्नियात रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचा. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! पण वस्तू परत दुरुस्तीला येणार, हे त्याला पक्कं माहीत होतं. १९५० च्या सुमारास त्याने गळा डिंकाने न चिकटवता चार स्क्रूंनी बसवला. गळा खराब झाला तर तेवढाच बदला, बाकी गिटार शाबूत.

बीडमध्ये काय काय मिळालं?

बीडमध्ये व्हिंटेज गिटारचं दुकान नाही. तरीही काम अडलं नाही. पॉट आणि जॅक रेडिओ-अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीच्या दुकानात मिळाले. खर्च म्हणाल तर मोबाइलच्या एका कव्हराएवढा. खरखर करणारा एक पॉट तर फक्त कॉन्टॅक्ट क्लीनर मारून आणि वीसेक वेळा फिरवून सुधारला. टोचणाऱ्या पट्ट्यांचं कारण आपलं हवामान. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं, धातू तेवढा आकसत नाही, म्हणून टोकं बाहेर येतात. बारीक कानस आणि धीर, एवढंच लागतं.

खरी अडचण एका पिकअपची होती. मल्टिमीटर लावला. चालू पिकअप साधारण ५ ते ८ किलो-ओहम दाखवतो, हा काहीच दाखवत नव्हता. म्हणजे आत कुठेतरी तार तुटलेली.

मी तो घेऊन मोटार रिवायंडिंगच्या दुकानात गेलो. आपल्याकडे शेतीपंपाची मोटार जळणं हे काही नवीन नाही, त्यामुळे रिवायंडिंगवाले गावोगावी आहेत. तिथल्या काकांनी गिटार आयुष्यात हातात धरली नव्हती. पण वस्तू बघून लगेच म्हणाले, "हे तर कॉइल आहे. आधी टोक बघू." आणि तार खरंच टोकाशी, सोल्डरच्या जागी गंजून तुटलेली निघाली. बाहेरचे दोन-तीन वेढे सोडवून टोक पुन्हा जोडलं. हजारो वेढ्यांत दोन-तीन गेल्याने आवाजाला काही फरक पडत नाही.

काकांना गिटार येत नव्हती, कॉइल येत होती. वस्तू उघडता आली म्हणून त्यांचं ज्ञान तिला लागू पडलं. वस्तू सीलबंद असती तर तेच ज्ञान बिनकामाचं ठरलं असतं.

(एक धोक्याची सूचना: गिटार उघडणं सुरक्षित आहे, पण जुना व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर उघडू नका. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट राहू शकतात. आणि घराचं अर्थिंग तपासल्याशिवाय काहीही जोडू नका. गिटारच्या तारा अर्थला जोडलेल्या असतात, आणि वाजवताना आपला हात त्या तारांवरच असतो.)

मग फोन कुठे अडतो?

फोन गिटारइतका साधा होऊ शकत नाही, हे मान्य. तो पातळ हवा, पाण्यात टिकायला हवा, चोरीला गेला तर त्याचे भाग विकता येऊ नयेत. पण बॅटरी डिंकाने चिकटवणं वेगळं आणि पार्ट्स पेअरिंग वेगळं. सॉफ्टवेअरमध्ये काम करणारा म्हणून मला दुसऱ्याची जास्त काळजी वाटते. यात प्रत्येक भागाचा क्रमांक सॉफ्टवेअरला माहीत असतो. भाग अस्सल असला, पण कंपनीच्या सिस्टिमने त्याला मंजुरी दिली नाही, तर फोन तक्रारीचा संदेश दाखवतो किंवा एखादं फीचर बंद करतो. इथे स्क्रू-ड्रायव्हर आणि हातातलं कौशल्य दोन्ही हरतात. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने २०२४ च्या कायद्यात दुरुस्ती अडवणाऱ्या अशा पेअरिंगला मनाई केली आहे.

युरोपात जून २०२५ पासून नव्या स्मार्टफोनच्या लेबलवर दुरुस्तीची श्रेणी छापावी लागते, आणि मॉडेलची विक्री थांबल्यावरही महत्त्वाचे सुटे भाग ७ वर्षं द्यावे लागतात. फ्रान्समध्ये २०२१ मध्येच असा इंडेक्स आला, आणि त्यात सुट्या भागाच्या किमतीलाही गुण ठेवले होते.

आपल्या इंडेक्समध्ये काय बघायचं?

माझ्या मते तीन गोष्टी.

१. किंमत. भाग 'उपलब्ध' असून त्याची किंमत फोनच्या निम्मी असेल तर त्याचा उपयोग काय? फ्रान्ससारखे किमतीलाही गुण हवेत.

२. कुठे मिळतो? पुण्यातल्या अधिकृत सेंटरमध्ये मिळणारा भाग बीडच्या, परळीच्या किंवा आष्टीच्या दुरुस्तीवाल्याला त्याच भावात मिळतो का? नसेल, तर ते गुण फक्त शहरापुरते.

३. कोण तपासणार? कंपनी स्वतःच स्वतःला गुण देणार असेल, तर मधूनमधून कुणीतरी तिऱ्हाइताने फोन उघडून बघायला हवा.

इंडेक्स येईपर्यंत एक गोष्ट तुम्ही आजही करू शकता. नवा फोन घेण्याआधी त्या मॉडेलच्या बॅटरी आणि डिस्प्लेचा भाव कंपनीच्या साइटवर बघा. मग तेच मॉडेल तुमच्या गावातल्या दुरुस्तीवाल्याला सांगा आणि विचारा, "हा उघडता का?" कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, हे तर बॉक्सवर मोठ्या अक्षरात लिहिलेलंच असतं. या प्रश्नाचं उत्तर मात्र सध्या त्याच्याकडेच आहे.